मधल्या कप्प्यातली ताई

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला पाचव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तरुण संशोधक लांबूनं पेशी वाढवायच्या उबदार पेटीचं, म्हणजे इनक्युबेटरचं, दार उघडलं आणि पुढचं अख्खं मिनिट तो ते लावायचंच विसरला. हे दार चार क्षण जास्त उघडं राहिलं तरी या पोराला घाम फुटायचा. तेव्हा काय झालं असेल ते ओळखा.

मधला कप्पा रिकामा होता.

वरच्या कप्प्यात शेजारच्या प्रयोगशाळेच्या ताटल्या जागच्या जागी होत्या. तळाच्या तबकात पाणी होतं. तापमान सदतीस, गॅस बरोबर, सगळं कसं व्यवस्थित. फक्त शुक्रवारी संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं ठेवलेल्या चार ताटल्या तेवढ्या नव्हत्या. प्रत्येक ताटलीत सहा वाट्या, प्रत्येक वाटीत मोहरीएवढे पांढुरके गोळे. पंचाहत्तर दिवस त्यानं त्यांना तान्ह्या मुलासारखं वेळच्या वेळी खाऊपिऊ घातलं होतं.

त्याच वेळी पाच मजले खाली, तळघरातल्या कार्यशाळेत, मिस्त्री चहाचा पहिला घोट घेत होते. संस्थेतली सगळी यंत्रं सत्तावीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेलेली. शनिवारी दुरुस्त करून चालू ठेवलेला एक जुना इनक्युबेटर कोपऱ्यात घुमत होता आणि त्याची आतली काच दमट धुरकट झाली होती. ‘धरली एकदाची ऊब,’ असं म्हणून मिस्त्री खूश झाले. आज त्यांना सगळंच छान दिसत होतं, कारण आज चार वाजता ताई येणार होती.

तोच फोन वाजला.

“मिस्त्रीकाका,” लांबूचा आवाज रडवेला झाला होता, “ताईंच्या पेशी गेल्या हो.”

२

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, फळ्यावर हातानं काढलेलं वर्तुळ कंपासनं काढल्यासारखं यायचं. मग सहा वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. कंपवात. मेंदूत खोलवर डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या मूठभर पेशी असतात, त्या एकेक करून मरतात आणि मग हातपाय ऐकेनासे होतात.

इथल्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, दोन वर्षांपूर्वी ताईच्या दंडाची नखाएवढी कातडी घेतली. त्या कातडीच्या पेशींना मागं मागं नेत त्यांच्या मूळपेशी केल्या. मूळपेशीला अजून काय व्हायचंय ते ठरलेलं नसतं, म्हणून मग तिला चुचकारत, ठरावीक दिवशी ठरावीक अन्न देत, त्याच डोपामिनच्या पेशी वाढवल्या. ताईच्या डोक्यात ज्या मरत होत्या, त्यांच्याच बहिणी वाटीत जगत होत्या. त्या आजारी का पडतात आणि कुठल्या औषधानं तगतात, ते या वाट्यांमध्ये बघायचं होतं.

कुणाच्या पेशी आहेत हे नियमानं गुप्त ठेवतात. पण ताईनं ते आपल्या आपणच गावभर सांगून टाकलं होतं. रोज संध्याकाळी ती मिस्त्रींना विचारायची, “काय रे बाळ्या, माझ्या कार्ट्या जेवल्या का?”

एवढं सगळं असून ताई दोन वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. एका लग्नात तिच्या हातून चहा सांडला, कुणीतरी “अरेरे” म्हणालं, आणि त्या दिवसापासून तिनं चारचौघांत कप धरला नाही. पुढं चारचौघांत जाणंच सोडलं. समजावून समजावून मिस्त्रींची जीभ झिजली. शेवटी परवा ती म्हणाली, “त्या कार्ट्या दाखवणार असशील तर येते. पण त्या नसल्या ना, तर पुन्हा मला बाहेर चल म्हणून सांगायचं नाही. शब्द दे.” मिस्त्रींनी दिला होता शब्द, अगदी हसत हसत.

लिफ्टची वाटही न बघता ते पाच जिने चढून गेले.

३

खोलीत वातावरण तापलेलं होतं. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या आणि लांबू खाली मान घालून बसला होता.

“याला दुसऱ्या संस्थेचं नेमणुकीचं पत्र आलं शुक्रवारी,” बाई म्हणाल्या. “या पेशी बरोबर नेऊ का म्हणून यानं विचारलं, मी नाही म्हटलं. आणि आज पेशी नाहीत. काय समजायचं मी?”

“बाई, मी कशाला चोरीन? मी...” लांबू उठून उभा राहिला.

“गोठवलेल्या आहेत ना मागं ठेवलेल्या?” मिस्त्रींनी विचारलं.

“आहेत. पण पुन्हा पहिल्यापासून अडीच महिने.” बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “दोन वाजेपर्यंत वाट बघते. मग संचालकांना कळवावं लागेल आणि याच्या नावावर कायमचा डाग बसेल. मला काय हौस आहे का?”

अडीच महिने! आज ताई आल्या पावली परत गेली, तर अडीच महिन्यांनी कुठली यायला?

“बाई, तोवर मला जरा बघू द्या. चोर मला नाही कळत, पण यंत्र कळतं.”

त्यांनी इनक्युबेटर उघडला, पण आत बघण्याआधी नाक पुढं केलं. स्पिरिटचा वास. रिकाम्या कप्प्यावर बोट फिरवलं, लख्ख. वरचा कप्पा, भिंती, दाराची रबरी कडसुद्धा पुसलेली. तळाच्या तबकातलं पाणी नितळ होतं. ते महिन्याच्या एक तारखेला मिस्त्रीच बदलायचे आणि आज होती एकवीस.

“पाणी कुणी बदललं?”

दोघांनीही माना हलवल्या.

यंत्राच्या बाजूला कागदाच्या पट्टीवर सुई तापमानाची रेघ ओढत असते. मिस्त्रींनी पट्टी मागं ओढली. रविवारी सकाळी अकरा दहाला रेघ धाडकन खाली आली होती आणि वर यायला तिला पाऊण तास लागला होता. म्हणजे दार चांगली वीस मिनिटं उघडं होतं. ताटल्या पळवायच्या असत्या तर वीस सेकंदांत काम झालं असतं.

आता मला सांगा, चोरी करायला आलेला माणूस जाताना घर झाडून, पुसून, पाणी भरून जातो का?

४

मिस्त्रींनी लांबूला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.

“रविवारी कुठं होतास?”

“खोलीवर. झोपलो होतो. पण ते सांगायला साक्षीदार कुठून आणू?”

“बरं, ते राहू दे. तुझी वही दाखव.”

लांबूची वही म्हणजे मोत्यांची ओळ. शेवटची नोंद शुक्रवारची होती. ‘दिवस बहात्तर. अन्न बदललं, रंग ताजा. ठिपके आले! बाईंना दाखवले.’ ठिपक्यांपुढं उद्गारचिन्ह होतं आणि त्याच्या खाली दोनदा रेघ मारलेली होती.

“रंग ताजा म्हणजे काय?”

“अन्नात रंग घातलेला असतो, काका. ताजं असलं की गुलाबी. पेशींनी खाऊन आंबवलं की पिवळं पडतं. बघितल्याबरोबर कळतं कधी जेवल्यात ते.”

“आणि हे ठिपके?”

एवढ्या दुःखातही लांबूचा चेहरा उजळला. “मेंदूचा तो भाग माणसात काळाच असतो. या पेशी वयात आल्या की त्यांच्यात तसला काळा रंग साठायला लागतो. शुक्रवारी पहिल्यांदा दिसला. म्हणजे पेशी खऱ्या निघाल्या! बाई म्हणाल्या, नीट तपासून होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. म्हणून कुणालाच...” आणि तो पुन्हा मुसमुसायला लागला.

“पुरे आता,” मिस्त्री म्हणाले. “एवढा ताडमाड वाढलास आणि रडतोस काय!”

तिथून ते गेले धुण्याच्या खोलीत. तिथं आत्यांचं राज्य होतं. अख्ख्या मजल्याची काचसामग्री धुणाऱ्या आत्या कुणाच्या बापाला भीत नसत. टाकून द्यायची प्रत्येक ताटली आधी त्यांच्या ब्लीचच्या बादलीत बुडवावी लागे आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“आत्या, शुक्रवारनंतर काही आलंय तुमच्याकडं?”

“एक काडीसुद्धा नाही. शनिवारी जाताना बादली भरून ठेवली होती, ती तशीच आहे, बघा. सकाळपासून हात धुवायला एक जण येतोय तेवढा, बाकी काही नाही.”

“कोण येतोय?”

“येत्येय. हृदयवाल्या मॅडम. चौथ्यांदा आल्या मघाशी. कातडी निघेल एखाद्या दिवशी.”

मिस्त्री दारातच थबकले.

५

हृदयवाल्या मॅडम म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या मूळपेशींपासून हृदयाच्या पेशी वाढवायच्या. इनक्युबेटरचा वरचा कप्पा त्यांचा. मधल्या कप्प्यावरून बाईंशी त्यांचं दोनदा वाजलं होतं आणि सकाळपासून लांबूच्या खालोखाल सगळ्यांना संशय त्यांचाच होता.

त्यांनी मिस्त्रींना खुर्ची दिली, पण स्वतः बसल्या नाहीत.

“मला काही माहीत नाही, मिस्त्री. मी शुक्रवारनंतर त्या इनक्युबेटरकडं फिरकलेलेच नाही.”

“बरं बरं. तुमच्या ताटल्यांना काही झालं नाही ना, तेवढं बघू या. आणतो मी.”

मिस्त्रींनी वरच्या कप्प्यातली एक ताटली हलकेच आणून उजेडात धरली. आतलं अन्न कसं छान गुलाबी होतं.

“तुमच्या पेशी खादाड म्हणे?”

“फार. सारख्या धडधडत असतात ना, दोन दिवसांत...” मॅडम बोलता बोलता अडखळल्या.

“दोन दिवसांत पिवळं करून टाकतात,” मिस्त्रींनी वाक्य पुरं केलं. त्यांनी ताटली जपून परत ठेवली, दार लावलं आणि मग अगदी हळू विचारलं, “शुक्रवारनंतर यांना जेवायला कुणी घातलं, मॅडम?”

मॅडमनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

मिस्त्रींनी घड्याळात पाहिलं. दीड वाजला होता. पेशी टाकल्या नव्हत्या, हे आत्यांच्या बादलीनं सांगितलं होतं. म्हणजे ठेवल्या होत्या. पण या पेशी टेबलाच्या खणात ठेवून जगत नाहीत, त्यांना ऊब लागते, गॅस लागतो, दमटपणा लागतो. मजल्यावरचे बाकीचे इनक्युबेटर लांबूनं सकाळीच पालथे घातले होते. मग अशी जागा आणखी कुठं...

दमटपणा!

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, मी गाढव आहे गाढव!” असं ओरडत ते जिन्याकडं पळाले. छप्पन्न वर्षांचा माणूस असा पळताना बघून लांबूही मागं पळाला, त्याच्यामागं बाई आणि सगळ्यांत शेवटी, पाय ओढत, हृदयवाल्या मॅडम.

६

तळघरातल्या कोपऱ्यात पेटी घुमतच होती.

“शनिवारी ही मी नुसती गरम व्हायला लावून गेलो,” मिस्त्री धापा टाकत म्हणाले. “तबक कोरडं ठणठणीत. गॅसची चावी बंद. मग सकाळी काचेवर वाफ कुठून आली? कुणीतरी तबकात पाणी भरल्याशिवाय येईल का? माझ्या नाकासमोर होतं आणि मी मजेत चहा पितोय!”

त्यांनी सिलिंडरच्या चावीकडं बोट दाखवलं. ती उघडी होती, काटा थोडा उतरला होता. पेटीच्या दारावर मिस्त्रींच्याच अक्षरातली चिठ्ठी होती, ‘दुरुस्त झाली.’

“ही पेटी कुणाची?” बाईंनी विचारलं.

“माझी,” मागून मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रींनी दार उघडलं. चार ताटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. चोवीसच्या चोवीस वाट्यांत मोहरीएवढे गोळे, आणि अन्न गुलाबीसर.

लांबू ताटल्यांपुढं गुडघे टेकून बसला. मिस्त्री मॅडमकडं वळले.

“सांगू का, मॅडम? चुकलं तर थांबवा. रविवारी तुम्ही तुमच्या पेशींना भरवायला आलात. खालच्या कप्प्यात सहज नजर गेली आणि गोळ्यांवर काळे ठिपके दिसले. या खोलीत काळा ठिपका म्हणजे एकच गोष्ट.”

“बुरशी,” मॅडम कशाबशा म्हणाल्या.

“आणि खोलीचा नियम काय? बुरशी दिसेल त्यानं कुणालाही न विचारता ताटली ब्लीचमध्ये बुडवायची आणि पेटी पुसून काढायची. पुसायचं काम तुम्ही केलंत. बुडवायचं मात्र तुम्हाला जमलं नाही.”

“रोज बघतेय हो मी याला.” मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “रात्र नाही, सण नाही. पंचाहत्तर दिवस. कसं बुडवणार? आणि दोष माझाच होता. गेल्या महिन्यात माझ्या एका ताटलीत बुरशी आली होती. खोली बंद पडेल म्हणून मी गुपचूप टाकून दिली, कुणाला बोलले नाही. माझीच बुरशी यांच्यावर चढली असं वाटलं, म्हणून सारखे हात धूत सुटले. वाट्यांतला एकेक थेंब तपासायला लावलाय, बुधवारी कळणार होतं. नसली तर परत ठेवायच्या, असली तर सगळं कबूल करायचं. याच्यावर आळ येईल हे डोक्यातच आलं नाही. आणि आल्यावर तोंड उघडेना. मी वाईट वागले रे बाळा.”

लांबूनं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडला नसता.

“मॅडम,” तो म्हणाला, “ती बुरशी नाहीये.”

“काय?”

“डोपामिनच्या पेशी पिकल्या की काळ्याच होतात. ते ठिपके यायची मी दहा आठवडे वाट बघत होतो.”

रडता रडताच मॅडमना हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. “माझ्या हृदयांना कधी ठिपके येत नाहीत रे. मला कसं कळावं? माझ्याकडं काळं दिसलं की संपलं!”

“आणि मी तोंडाला कुलूप लावायला सांगितलं,” बाई म्हणाल्या. त्यांनी पुढं होऊन लांबूच्या खांद्यावर हात ठेवला. “चुकले मी. पत्र आलंय तिथं जाताना यातल्या दोन ताटल्या घेऊन जा.”

“आधी वर न्या सगळ्या!” मिस्त्री खेकसले. “चार वाजता पाहुणी येतेय.”

“कोण पाहुणी?” मॅडमनी विचारलं.

मिस्त्रींनी सांगितलं. ऐकताना मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या म्हणाल्या, “मी थांबले तर चालेल?”

७

ताई बरोबर चार वाजता आली, गणिताच्या बाईच ती. थरथरणारा हात पदराखाली घट्ट धरलेला. लिफ्टमधून बाहेर पडताना तिनं मिस्त्रींचा दंड इतका आवळला की त्यांना कळ आली, पण ते चकार शब्द बोलले नाहीत.

लांबूनं ताटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि खुर्ची पुढं केली. ताई वाकली. तिचा हात सुटून टेबलावर आला आणि टकटक वाजायला लागला. खोलीत कुणी तिकडं बघितलं नाही.

बराच वेळ ती बघत राहिली.

“बाळ्या,” ताई डोळा न काढता म्हणाली, “या नक्की माझ्याच ना?”

“तुझ्याच की. का गं?”

“मग एका जागी इतक्या गप्प कशा बसल्यात?”

आधी लांबू फिसकन हसला, मग बाई, मग सगळेच. ताईसुद्धा हसली. दोन वर्षांत मिस्त्रींनी ते हसू ऐकलं नव्हतं.

“तीट लावल्यासारखे काळे ठिपके काय आहेत ते?”

“तेच तर खरं कौतुक,” लांबू म्हणाला आणि तिला सगळं समजावून सांगायला लागला. ताईनं मध्ये मध्ये असे प्रश्न विचारले की तो दोनदा अडकला.

मग हृदयवाल्या मॅडम पुढं झाल्या. “ताई, माझ्याही बघता का?”

ताईनं त्यांची ताटली पाहिली. वाटीत हृदयाच्या पेशींचा थर एका तालात थडथडत होता.

“अगं बाई! या तर माझ्याहून जास्त हलतात. आजारी आहेत का बिचाऱ्या?”

“नाही हो. हलतात म्हणजे धडधाकट आहेत. थांबल्या तर काळजी.”

ताईनं मान वर केली. आधी मॅडमकडं पाहिलं, मग टेबलावर टकटकणाऱ्या आपल्या हाताकडं. “असं होय,” ती म्हणाली. हात तिनं पुन्हा पदराखाली घेतला नाही.

“चल, तुला घरी सोडतो,” मिस्त्री म्हणाले. “दमली असशील.”

“घरी काय घरी? एवढं सगळं दाखवलंत, चहा नाही का मिळत तुमच्याकडं?”

मिस्त्रींनी घड्याळाकडं पाहिलं. तळमजल्यावरचं उपाहारगृह या वेळेला गच्च भरलेलं असतं. “तिथं गर्दी असेल, ताई. मी वर आणू का?”

“कशाला? मला काय पाय नाहीत?”

मधल्या टेबलावर पाच जण बसले. ताईनं कप दोन्ही हातांनी उचलला. बशीत सांडला, टेबलावर सांडला, थोडा लांबूच्या त्या मोत्यांच्या अक्षरांच्या वहीवरही सांडला. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी वळून पाहिलं.

ताईनं त्याच्याकडं बघून मान डोलावली आणि उरलेला चहा शांतपणे संपवला. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, “पुढच्या सोमवारी किती वाजता येऊ?”